दहा मिनिटांचं काम

सुशांत घाडीने त्या मंगळवारी सोहोनींच्या खिडकीबाहेर जायला आधी नकार दिला होता, हे फक्त तिघांना माहीत होतं. एक तो स्वतः, दुसरे नंदकुमार सोहोनी, आणि तिसरी त्यांची बायको नीला.

सोहोनींचं घर मुलुंड पूर्वेला, चाळीस वर्षांच्या जुन्या इमारतीत, सातव्या म्हणजे शेवटच्या मजल्यावर. नंदकुमार भांडुपच्या एका कारखान्यात मेंटेनन्स सुपरवायझर होते, निवृत्त होऊन सहा वर्षं झालेली. नीला महापालिकेच्या शाळेत शिकवायची, तीही आता घरीच. मुलगी मानसी लग्न होऊन बंगळूरला गेलेली. चौदा महिन्यांपूर्वी नंदकुमारांना हार्ट अटॅक आला, दोन स्टेंट घातले. तीन महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, सगळं नीट आहे, फिरा, जिने चढा, मुलीकडे जाऊन या.

नंदकुमारांनी यातलं काहीच केलं नाही. ते घरात बसले. अर्धी भरलेली बादलीही ते उचलत नसत. दर दोन तासांनी बोटाला यंत्र लावून नाडी बघत. एके काळी रोज पहाटे तासभर फिरणारा हा माणूस इमारतीच्या गेटपर्यंत जाईना, कारण तेवढ्यात लिफ्ट बंद पडली तर सात मजले चढावे लागतील. नीलाने आधी समजूत घातली, मग भांडून पाहिलं, मग तीही थकली. मानसीकडे जायची तिकिटं दोनदा काढून दोनदा रद्द केली होती.

मे महिन्यात उकाडा वाढला तसा त्यांनी एसीचा ध्यास घेतला. खोली पुरेशी थंड होत नाही, घाम जातो, घामाने रक्त घट्ट होतं, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. शेवटी नीलाने साकीनाक्याच्या एका दुकानात फोन केला आणि तिथून सुशांत आला. तिशीतला, सडपातळ, बोलायला मोकळा. बूट दाराबाहेर काढून तो आत आला, तासाभरात त्याने आतलं युनिट उघडून धुऊन पुसून परत बसवलं. मग खिडकीच्या जाळीतून वाकून बाहेरच्या युनिटकडे बराच वेळ बघितलं.

"काका, आतलं झालं. बाहेरचं आज नको करूया."

"का?" नंदकुमार पलंगावर बसूनच म्हणाले.

"ज्याच्यावर ते बसवलंय ना, तो लोखंडी अँगल सडलाय. बोल्टपण भिंतीत ढिले झालेत. मी सेफ्टी बेल्ट आणला नाही आज. शुक्रवारी येतो, बेल्ट घेऊन येतो, अँगलच बदलून टाकू."

"शुक्रवारी? तोवर तीन दिवस मी या उकाड्यात काढू?"

"आतलं साफ केलंय, थोडा फरक पडेल."

"थोड्या फरकाने माझं भागत नाही रे. हार्ट पेशंट आहे मी." नंदकुमारांचा आवाज चढला. "गेल्या वेळीही तुमचा माणूस बाहेरचं न धुता गेला. दरवेळी काहीतरी कारण. खाली छज्जा आहे की उभं राहायला. दहा मिनिटांचं काम आहे."

तीस वर्षं ज्या माणसाने बेल्टशिवाय कोणाला शिडीच्या चौथ्या पायरीवर चढू दिलं नव्हतं, तोच माणूस हे बोलत होता. नीलाला ते त्याच क्षणी जाणवलं. सुशांतने तिच्याकडे पाहिलं. ती काहीतरी बोलेल अशी त्याची अपेक्षा असावी. 'राहू दे रे, शुक्रवारी ये,' एवढंच म्हणायचं होतं. पण मग शुक्रवारपर्यंत दिवसरात्र काय ऐकावं लागेल हे तिला माहीत होतं. तिने ड्रॉवरमधून किल्ली काढली आणि जाळीच्या छोट्या दाराचं कुलूप उघडून दिलं.

सुशांत बाहेर गेला. तो बसत, सरकत, सांभाळून गेला. एक पाय खालच्या मजल्याच्या छज्ज्यावर, दुसरा अँगलवर. जाळी भिंतीपासून दीड फूट बाहेर आलेली, त्यामुळे नीलाला खिडकीच्या कट्ट्यावर वाकून त्याच्या हातात ब्रश द्यावा लागत होता. नंदकुमार मध्येच उठून हॉलमध्ये गेले.

सव्वाअकरा वाजले होते. नीला पाण्याचा पाइप पुढे करत होती तेवढ्यात भिंतीतून दाढ उपटल्यासारखा आवाज आला. युनिट पुढे कललं, तांब्याच्या नळ्यांवर क्षणभर लोंबकळलं आणि सुटलं. जाताना ते छज्ज्यावर आदळलं आणि छज्ज्याची कडा तुकडा होऊन त्याच्यासोबत गेली. सुशांत दिसेनासा झाला.

खालून धाडकन आवाज आला. आणि मग नीलाला जाळीच्या दाराच्या खालच्या पट्टीवर चार बोटं दिसली.

ती कट्ट्यावर पोटावर पडली आणि दोन्ही हातांनी तिने ते मनगट पकडलं. सुशांतचा चेहरा पट्टीच्या खाली होता, तोंड उघडं, डोळे तिच्यावर लागलेले. त्याचे पाय कशालाच टेकत नव्हते.

"अहो," ती ओरडली. "अहो, इकडे या. आधी इकडे या."

नंदकुमार दारात आले आणि थबकले. हात छातीकडे गेला. किती वेळ ते तिथे उभे होते हे नीलाला नंतर सांगता आलं नाही. तिला तो फार मोठा वाटला, पण कदाचित दोनच सेकंद असतील.

"काकी," सुशांत म्हणाला. आवाज अगदी बारीक झाला होता. आतापर्यंत तो शहरी मराठी बोलत होता, आता ती गळून पडली. "काकी, माका सोडू नकात. माझो हात सुटता."

नीलाचं माहेर कणकवलीचं. वडील परळला गिरणीत होते. घरी मालवणीच बोलायचे, पण सोहोनींकडे आल्यावर ते सुटलं आणि आई गेल्यावर तर बोलायला कोणी उरलंच नव्हतं. ते शब्द आता आपोआप तिच्या तोंडी आले.

"नाय सुटूचो. धरलंय मी तुका. दुसरो हात वर घे बघू."

त्याने दुसरा हात वर टाकला. पहिल्यांदा पट्टी हुकली. दुसऱ्यांदा बोटं लागली. नंदकुमार आता तिच्या बाजूला आले होते. त्यांनी कट्ट्यावर वाकून त्याच्या दंडाला धरलं आणि दोघांनी मिळून ओढलं तसा सुशांतचा एक कोपर पट्टीवर आला. त्याची हनुवटी लोखंडाला टेकली. त्यापुढे तो वर येईना. त्याच्या कमरेला हत्यारांची पिशवी होती.

"आणखी ओढा," नीला म्हणाली.

"थांब. ओढू नको." नंदकुमार वर बघत होते. जाळी जिथे भिंतीला ठोकली होती त्या वरच्या कोपऱ्यातून सिमेंटची भुकटी पडत होती. "जाळी सुटतेय. याचं वजन जाळीवर नको. तू कोपर काढ तिच्यावरून."

नीलाने कोपर मागे घेतले. एवढ्यात समोरच्या फ्लॅटमधल्या शुभाताई त्यांच्याकडची किल्ली लावून आत आल्या. सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या. खाली पडलेल्या युनिटचा आवाज आणि वॉचमन भीमराजची ओरड त्यांनी ऐकली होती. त्यांनी खिडकीकडे पाहिलं आणि एकही प्रश्न न विचारता फायर ब्रिगेडला फोन लावला, पत्ता दोनदा नीट सांगितला.

"किती वेळ म्हणतात?" नंदकुमारांनी विचारलं.

"निघाले म्हणतात."

"भीमराजला सांगा, परबांचं दार उघडता येतं का बघ. याच्या पायांना खालून आधार मिळेल."

पण सहाव्या मजल्यावरचे दत्ताराम परब सगळं कुटुंब घेऊन गावी गेले होते आणि त्यांचं लोखंडी सेफ्टी डोअर भीमराजला हलत नव्हतं. तो दारावर काहीतरी आपटत होता, ते धक्के वर ऐकू येत होते. कामाचा दिवस, मे महिना. निम्मी इमारत रिकामी होती.

"नीला, ऐक," नंदकुमार म्हणाले. हा आवाज तिने बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता. कारखान्यात फोन करायची तेव्हा मागे ऐकू यायचा तो. "साडी आण. सुती, जुनी, जाड. सिल्क नको, घसरेल. आणि कात्री."

"मग याला कोण धरेल?"

"मी."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. बादली न उचलणारा हा माणूस. तिच्या हातात एका बाईच्या मुलाचं मनगट होतं आणि शेजारी तिचा नवरा होता, ज्याच्या छातीत दोन स्टेंट होते. तिने हात सोडला तर साठसत्तर किलोचा बोजा त्या छातीवर जाणार होता. नाही सोडला, तर साडी आणायला कोणी नव्हतं. शुभाताईंना कपाटातलं काही सापडलं नसतं, आणि तेवढा वेळही नव्हता.

"तुम्हाला काही झालं तर?"

"जा म्हणतो ना."

त्यांनी दोन्ही हातांनी सुशांतचं मनगट आणि कोपर धरलं, छाती कट्ट्यावर दाबली, पाय पलंगाला रेटले. नीलाने बोटं सोडवली. ती कपाटाकडे धावली. खालच्या खणात स्वयंपाक करताना नेसायची हिरवी सुती साडी होती, तीच तिने ओढली.

सुशांतच्या खिशात फोन वाजायला लागला. कसलंतरी हिंदी गाणं, खूप मोठ्या आवाजात. ते वाजत राहिलं, थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

"बायलेचो फोन," सुशांत म्हणाला. त्याचे डोळे वाहत होते. "ह्या टायमाक करता. जेवलंस काय विचारता. रोज विचारता. आणि रोज मी चिडतंय."

"आज नको चिडू," नीला म्हणाली. "नाव काय तिचा?"

"श्रुतिका."

"गाव खंयचा?"

"देवगड."

"माझा माहेर कणकवली. खाली बघू नको. माझ्याकडे बघ."

ती परत कट्ट्यावर पडली. शुभाताई तिच्या पोटऱ्यांवर सगळं वजन टाकून बसल्या. जाळीच्या दारातून डोकं आणि हात बाहेर काढल्यावर तिला पहिल्यांदा खालचं सगळं दिसलं. आवारातली फरशी, एक आडवी पडलेली स्कूटर, वर बघणारे तीन-चार चेहरे. तिने डोळे मिटले, मग उघडले आणि फक्त सुशांतच्या शर्टाकडे बघायचं ठरवलं.

आधी पिशवीचा पट्टा. कात्री स्वयंपाकघरातली होती, बोथट. पट्टा जाड. ती कापत असताना सुशांत तिच्या हाताच्या हालचालीने हलत होता आणि दरवेळी नंदकुमारांच्या तोंडून बारीक कण्हणं येत होतं. पट्टा तुटला. पिशवी खाली गेली. तिचा आवाज यायला किती वेळ लागला ते कोणीही मोजलं नाही, पण सगळ्यांनी ऐकलं.

"आता एक टोक त्याच्या उजव्या काखेतून," नंदकुमार म्हणाले. "पाठीमागून ने. दुसऱ्या काखेतून बाहेर काढ. घाई नको."

दोनदा साडी हातातून सुटली. तिसऱ्यांदा सुशांतने स्वतःच हनुवटीने टोक दाबून धरलं आणि तिने पलीकडे हात घालून ते ओढून घेतलं. तिच्या खांद्यात काहीतरी तटकन झालं. स्नायूचं टोक फाटलं होतं हे पुढे एमआरआयमध्ये कळलं. त्या वेळी तिला दुखलंही नाही.

"दोन्ही टोकं पलंगाच्या पायाला. भिंतीकडच्या. दोन वेढे दे, मग टोक खालून घाल. हां. आता ताण."

पलंग शिसवी होता, नंदकुमारांच्या वडिलांचा, खिडकीखालच्या भिंतीला टेकवलेला. कितीही ओढला तरी भिंतीपलीकडे जाणार नव्हता. साडी ताणली गेली आणि जाळीवरचा भार थोडा कमी झाला. वरच्या कोपऱ्यातून पडणारी भुकटी थांबली.

पाचव्या मजल्यावरचे राजाराम पाटणकर धापा टाकत आले. पन्नाशीचे, धडधाकट. "सोहोनी, तुम्ही बाजूला व्हा, मी धरतो."

"नको," नंदकुमार म्हणाले. त्यांच्या कपाळावरून घाम थेंबाथेंबाने कट्ट्यावर पडत होता. ओठ पांढरे पडले होते. "त्याचा हात घामाने निसरडा झालाय. हात बदलायला गेलो आणि निसटला, तर सगळा हिसका साडीवर येईल. तुम्ही पलंगावर बसा. साडीची टोकं धरून बसा."

"अहो, त्यांना धरू द्या ना," नीला म्हणाली. तिला रडू येत होतं. "तुमचा चेहरा बघा कसा झालाय."

"नीला, मला बोलायला लावू नको."

त्यानंतर तिला करण्यासारखं काही उरलं नाही. तिने फक्त सुशांतचा दुसरा हात धरून ठेवला. एका बाजूला त्याचा चेहरा, दुसऱ्या बाजूला नवऱ्याचा. दोघांचाही श्वास तिला ऐकू येत होता. सुशांतचा भरभर, नंदकुमारांचा अडखळत. त्यातला एकही कधीही थांबेल असं तिला वाटत होतं आणि कोणता थांबू नये असं मागायचं हे तिला ठरवता येईना. तिने दोन्ही मागितले. कोणाकडे, ते तिलाही माहीत नव्हतं.

फोन तिसऱ्यांदा वाजला, तेव्हा सुशांत म्हणाला, "काकी, तिका सांगा..."

"मी काय एक सांगूचंय नाय," नीला म्हणाली. "तूच सांग घराक जाऊन."

फायर ब्रिगेडची गाडी गल्लीच्या तोंडाशीच अडकली. दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या होत्या. जवान धावत आले, थेट गच्चीवर गेले. काही मिनिटांनी दोरावरून एक माणूस भिंतीला पाय लावत खाली उतरला, सुशांतच्या शेजारी येऊन थांबला आणि अगदी सहज, दुकानात बोलावं तसं म्हणाला, "काय भाऊ, नाव काय? हां सुशांत, आता मी तुला पट्टा लावतोय. तू काही करू नको." पट्टा लागला. दुसरा जवान खोलीत आला होता. त्याने नंदकुमारांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं, "सोडा आता साहेब. आमच्याकडे आहे तो."

नंदकुमारांची बोटं उघडेनात. त्या जवानाने ती एकेक करून सोडवली.

जाळीच्या दारातून सुशांतला आत ओढलं तेव्हा अकरा चौतीस झाले होते. तो फरशीवर पालथा पडून राहिला, दोन्ही तळवे फरशीला चिकटवून. नंदकुमार भिंतीला टेकून बसले होते. नीलाने त्यांच्या जिभेखाली गोळी ठेवली. ते सुशांतकडे बघत राहिले.

दोघांनाही दवाखान्यात नेलं. सुशांतच्या खांद्याचा सांधा निखळला होता, बरगडीला चीर होती, तळहात सोलवटले होते. नंदकुमारांचा ईसीजी, रक्ताची तपासणी, सगळं झालं. तरुण डॉक्टर कागद बघत म्हणाला, "काही नाही. स्नायू दुखावलेत. हार्ट तुमचं चांगलं काम करतंय." हे ऐकून नंदकुमारांचा चेहरा उजळला नाही. उलट पडला, असं नीलाला वाटलं.

संध्याकाळी पोलिस हवालदार आले. सुशांतने दवाखान्यात सांगितलं होतं की माझंच चुकलं, मी बेल्ट न लावता गेलो. हवालदारांनी नंदकुमारांना विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?"

"नाही," नंदकुमार म्हणाले.

नीला चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तीही काही बोलली नाही.

पुढचे आठ दिवस नंदकुमार इमारतीत हिरो होते. कोणीतरी खालून काढलेला व्हिडिओ सगळीकडे फिरला. अठ्ठावीस घरांतून माणसं येऊन गेली. हार्ट पेशंट असून, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, एकोणीस मिनिटं. सोसायटीने सत्काराची तारीख काढली. मानसी फोनवर रडली, मग म्हणाली, "बाबा, मला तुमचा अभिमान वाटतो." नंदकुमार सगळ्यांशी कमी कमी बोलू लागले. रात्री त्यांना झोप नव्हती. नाडी बघायचं यंत्र ड्रॉवरमध्येच पडून होतं.

नीलाने गळ्यात हात अडकवलेल्या अवस्थेत भाजी निवडता निवडता एकदाच विचारलं, "तुम्ही सांगणार आहात का?"

"त्याची तक्रार नाहीये."

"मी तक्रारीचं विचारलं नाही."

नंदकुमार म्हणाले, "मी माझाच जीव सांभाळत बसलो होतो, नीला. चौदा महिने. दुसऱ्यालाही असतो, हे डोक्यातच येईना. तो म्हणाला अँगल सडलाय, आणि मला काय ऐकू आलं, तर खोली शुक्रवारपर्यंत गरम राहणार."

"कुलूप मी उघडलं," नीला म्हणाली.

नवव्या दिवशी सुशांत आला, बायकोला घेऊन. त्याचाही हात गळ्यात. श्रुतिका छोट्या चणीची, डोळ्यांखाली काळं झालेलं. हातात मिठाईचा डबा. घरात पाऊल टाकताच ती नंदकुमारांच्या पाया पडायला वाकली.

"नको," ते मागे सरले. "आधी बस. मला तुला काहीतरी सांगायचंय."

सुशांतच्या ते लक्षात आलं. "काका, जाऊ द्या ना. झालं ते झालं."

"याने मला सांगितलं होतं," नंदकुमार श्रुतिकाकडे बघत म्हणाले. "अँगल सडलाय, बेल्ट नाही, आज नको. मी ऐकलं नाही. मीच त्याला बाहेर पाठवलं. तीस वर्षं हेच काम केलंय मी, मला कळत होतं. तरी पाठवलं. तो पोलिसांना स्वतःचं चुकलं म्हणाला, तेव्हाही मी गप्प बसलो."

"आणि दार मी उघडून दिलं," नीला म्हणाली.

खोलीत पंखा फिरत होता. श्रुतिकाने डबा मांडीवर ठेवला होता, त्याची दोरी ती बोटाला गुंडाळत राहिली.

"मला हे बोलला नाही तू," ती सुशांतला म्हणाली.

"काय बोलणार? मी पण परत 'नाही' म्हणू शकलो असतो."

"एकदा नाही म्हटलं होतंस ना. माणसाने किती वेळा नाही म्हणायचं?"

ती उठली आणि आतल्या खोलीत गेली. नीला मागोमाग गेली. खिडकीची जाळी काढून टाकली होती, तिथे आडव्या फळ्या ठोकल्या होत्या. श्रुतिका फळ्यांच्या फटीतून खाली बघत राहिली. खाली रोजचं चाललं होतं. भीमराज एका रिक्षावाल्याला गाडी मागे घ्यायला सांगत होता.

"त्या दिवशी तो भांडून निघाला होता," ती न वळता म्हणाली. "भांडण कशावरून ते आठवतच नाही मला. आठवायला बसले, तरी नाही."

नीलाने तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो राहू दिला.

बाहेर येऊन ती नंदकुमारांसमोर उभी राहिली. "तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. पण आत्ता मला तुमच्याशी काय बोलावं कळत नाही."

"काही बोलू नकोस," नंदकुमार म्हणाले.

ती दोघं चहा न घेता गेली. मिठाईचा डबा टेबलावर राहिला.

सत्कार झाला नाही. त्याच तारखेला सोसायटीची मीटिंग होती, तिच्यात नंदकुमार उभे राहिले आणि त्यांनी जसं झालं तसं सगळं सांगितलं. काही लोक खाली बघत बसले. एकजण म्हणाला, याची आता काय गरज होती. राजाराम पाटणकर मात्र दुसऱ्या दिवशी वही-पेन्सिल घेऊन आले, आणि दोघं अठ्ठावीस घरं फिरले. प्रत्येक खिडकीबाहेरचा अँगल, प्रत्येक जाळीचा बोल्ट. नंदकुमार आधी दोन मजले चढून थांबायचे, मग तीन. अकरा ठिकाणी लोखंड हाताने सुटत होतं. त्यातल्या एका खिडकीत रोज दुपारी एक पाच वर्षांची मुलगी जाळीवर बसून चित्रं काढायची.

जुलैत ते आणि नीला मानसीकडे पंधरा दिवस राहून आले. नंदकुमारांची भीती संपली नव्हती. बंगळूरला एका रात्री छातीत कळ आली म्हणून त्यांनी सगळ्यांना उठवलं, ती ॲसिडिटी निघाली. पण सकाळी ते नातीला घेऊन बागेत गेले.

ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरल्यावर अँगल बदलायचं काम निघालं. सुशांतच्या दुकानालाच ते द्यावं असं नंदकुमार म्हणाले, पण त्याला फोन करायचं धाडस त्यांना होईना. नीलाने केला. श्रुतिकाने उचलला. बराच वेळ दोघी मालवणीत बोलल्या, श्रुतिकाच्या पोरीच्या शाळेबद्दल, देवगडच्या पावसाबद्दल. शेवटी श्रुतिका म्हणाली, "काकी, तेका पाठवतंय. पण काका गच्चीवर उभे रवतले. दोर तेंच्या डोळ्यांसमोर बांधूचो."

"रवतले," नीला म्हणाली.

सुशांत आला. दोन दोर, दोन पट्टे, डोक्याला हेल्मेट. खांदा अजून पूर्ण वर जात नव्हता, म्हणून जड काम बरोबरचा माणूस करत होता आणि सुशांत बोल्ट बसवत होता. गच्चीवर नंदकुमार उन्हात टोपी घालून उभे होते. प्रत्येक गाठ ते स्वतः ओढून बघत, मगच हात वर करत.

चौथ्या मजल्याजवळ सुशांतने वर मान केली. "काका, हा एक चांगला दिसतोय. गंज नाही. राहू दे हा?"

नंदकुमार कठड्यावरून वाकले. "ठोकून बघ."

त्याने हातोडीने दोनदा ठोकलं. "आवाज बरा आहे."

"तरी बदल. आपल्याला घाई नाही."

नीला आवारात उभी राहून बघत होती. सुशांतचे पाय भिंतीला टेकलेले होते. तो सावकाश जुना बोल्ट फिरवत होता, आणि खाली येणारी माती तिच्यापासून हातभर अंतरावर पडत होती. भीमराजने तिला मागे सरायला सांगितलं. ती सरली, पण नजर तिने काढली नाही.